आवाजाची ऊब

हल्ली संगणकावर गाणं रेकॉर्ड करणाऱ्या कुणाच्याही पडद्यावर जरा डोकावून बघा. एक गंमत दिसेल. आवाज साठतोय शून्य आणि एकच्या आकड्यांत, पण पडद्यावर चित्र मात्र 1970 च्या सुमाराच्या यंत्राचं. निळसर राखाडी पत्रा, लाल टोप्यांची बटणं, थरथरणाऱ्या सुईचे मीटर. काही हौशी मंडळी तर चित्रात ओरखडे आणि गंजके स्क्रूसुद्धा काढतात. ही जुन्या ॲनालॉग कन्सोलची प्लगइन्स. संगणकात घातली की म्हणे आपलं रेकॉर्डिंग त्या जुन्या यंत्रातून गेल्यासारखं वाजतं. जाहिरातीतला शब्द ठरलेला : वॉर्म्थ. म्हणजे ऊब.

आता 'ऊब' हा शब्द आपल्याकडे गोधडीसाठी आहे, चुलीपाशी बसण्यासाठी आहे, आजीच्या कुशीसाठी आहे. तो आवाजाला लावला की कुणाचंही मन विरघळतं. म्हणूनच मला त्याची थोडी भीती वाटते. घरच्या घरी रेकॉर्डिंग करणं हा माझा बरेच वर्षांचा नाद आहे, आणि ही प्लगइन्स मीही वापरते. तर माझं मत आधीच सांगून टाकते. ही ऊब खरी आहे, थोतांड नाही. पण ती फोडणी आहे, औषध नव्हे. आणि काही रेकॉर्डिंगं अशी असतात की त्यांच्या मूळ प्रतीला तिचा थेंबही लागू नये.

माझ्या नातेवाइकांपैकी बऱ्याच जणांना मिक्सर म्हटलं की खोबऱ्याची चटणी आठवते, म्हणून दोन शब्द यंत्राविषयी. स्टुडिओतला कन्सोल म्हणजे मोठं टेबलच. प्रत्येक माइकची वायर त्याच्या एकेका पट्टीत येते, तिथे आवाज मोठा होतो, हवा तसा पातळ-जाड केला जातो, आणि शेवटी सगळ्या पट्ट्या एकत्र होऊन डावा-उजवा असे दोन प्रवाह बाहेर पडतात. जुन्या टेबलांत या वाटेवर ठिकठिकाणी ट्रान्सफॉर्मर असत. लोखंडी गाभा आणि त्याभोवती तांब्याच्या तारेचे वेढे. लोखंडाची चुंबक होण्याची एक मर्यादा असते. आवाज जोरात आला, विशेषतः खालच्या सुरांचा, की तो गाभा म्हणतो, 'बास, आता याहून जास्त नाही.' मग आवाजाच्या लाटेचं टोक जसंच्या तसं न जाता किंचित गोल होऊन पुढे जातं.

लाटेचा आकार बदलला की त्यात मुळात नसलेले उपस्वर उगवतात. आणि ते कुठले उगवतात हे आपल्या मंडळींना लगेच कळेल. मूळ सूर षड्ज धरला तर दुपटीचा उपस्वर म्हणजे वरचा सा. तिपटीचा म्हणजे त्याच्याही वरचा पंचम. पाचपटीचा म्हणजे गंधार. तंबोरा नीट लागला की न छेडता जो स्वयंभू गंधार कानावर येतो, तोच हा. म्हणजे यंत्र चूक करतंय, पण चूक सुरात करतंय! आवाज भरदार वाटतो तो यामुळे.

याउलट आकड्यांच्या जगात लोखंडाचा समजूतदारपणा नाही. तिथे शून्य डेसिबल ही भिंत. लाट भिंतीपर्यंत जशीच्या तशी येते आणि वरचं टोक सुरीने कापल्यासारखं सपाट होतं. त्यातून उगवणारे उपस्वर खूप वरपर्यंत जातात आणि कानाला बोचतात. शिवाय दुसरी एक भानगड आहे. सीडीच्या पद्धतीत सेकंदाला 44,100 नोंदी घेतल्या जातात, त्यामुळे 22,050 हर्ट्झच्या वरचं काही तिथे मावत नाही. प्लगइनने 15,000 च्या सुराची दुप्पट, म्हणजे 30,000 तयार केली, तर ती गायब होत नाही. दुमडून 14,100 वर येऊन बसते, आणि त्या सुराशी तिचं काहीएक नातं नसतं. चांगली प्लगइन्स आतल्या आत नोंदींची संख्या वाढवून हा घोळ टाळतात. सगळीच टाळतात असं नाही. तेव्हा ऊब म्हणून घेतली आणि घरी येऊन बघितलं तर खाज, असंही होऊ शकतं.

स्वच्छ सुराला मुद्दाम थोडं 'बिघडवायचं' ही कल्पना विलायतेतली आहे असं मात्र कुणी समजू नये. आपली जवारी दुसरं काय आहे? तंबोऱ्याच्या घोडीचा माथा किंचित उतरता घासलेला असतो. त्यावर तार टेकते आणि कंप पावताना पुन्हा पुन्हा त्याला हलका स्पर्श करत राहते. तारेखाली सुताचा दोरा सरकवून तो स्पर्श नेमका जिथे हवा तिथे आणायचा. मग ती तार नुसती वाजत नाही, बोलायला लागते. सी. व्ही. रामन यांना या घोडीचं फार कौतुक होतं. 1921 साली त्यांनी वीणा आणि तंबोऱ्यावर लिहिलं तेव्हा हेच दाखवलं, की तार ज्या बिंदूवर छेडली तिथे न हलणारा उपस्वर नियमाप्रमाणे ऐकू येऊ नये, पण या वाद्यांत तो खणखणीत येतो. त्याच्या आदल्या वर्षी त्यांनी मृदंग आणि तबल्याच्या शाईवर लिहिलं होतं. चामड्याचे मुळात बेसूर उपस्वर त्या शाईच्या वजनाने सुरात येतात. म्हणजे मिरजेतला तंबोरा करणारा कारागीर जे हाताने करत आला, त्याच जातीचं काम ट्रान्सफॉर्मरचं लोखंड नकळत करत होतं.

पण फरक इथेच आहे. जवारी लावणारा माणूस समोरच्या गळ्याला विचारून जवारी लावतो. पट्टी बदलली की दोरा पुन्हा सरकवतो. खुली हवी की बंद, हे तो कानाने ठरवतो. आणि प्लगइनमधला तयार नमुना? तो पुरुषाला, बाईला, बासरीला, ढोलकीला एकच माया लावतो. एका क्लिकमध्ये चोवीस ट्रॅकना एकसारखी ऊब. ही ऊब नव्हे, हा गणवेश झाला.

आणखी एक गंमत. ज्या लोकांनी ही यंत्रं बनवली, ते जन्मभर याच दोषाशी भांडत होते. रूपर्ट नेव्ह यांचं 1073 हे मोड्यूल 1970 सालचं. आज जितक्या नकला त्याच्या होतात तितक्या क्वचितच दुसऱ्या कशाच्या होत असतील. ते करताना त्यांना आवाज 'गोड बिघडवायचा' नव्हता, उपलब्ध भागांतून जितका चोख जाईल तितका पुढे पाठवायचा होता. पुढे काळ असा फिरला की त्यांच्याच शेवटच्या कंपनीच्या यंत्रांवर 'सिल्क' नावाचं बटण आलं, दाबलं की आवाजात थोडे उपस्वर मिसळणारं. 2021 साली ते गेले तोवर त्यांनी दोन्ही टोकं पाहिली होती.

रे डॉल्बी यांचं तर बघायलाच नको. 1963 ते 1965 या काळात हा माणूस संयुक्त राष्ट्रांचा सल्लागार म्हणून चंडीगडला होता. आपलं संगीत टेपवर घेताना त्या टेपची खरखर त्यांना छळत असे, आणि ती घालवण्याची कल्पना त्यांना भारतात असतानाच सुचली. 1965 साली लंडनला कंपनी काढली आणि खरखर घालवून जगप्रसिद्ध झाले. आज प्लगइनमध्ये तीच खरखर परत घालायला वेगळं बटण असतं! आणि आपल्याकडे तर 'डॉल्बी' म्हणजे विसर्जनाच्या मिरवणुकीत खिडक्यांच्या काचा हलवणारी स्पीकरची भिंत. नावाचं नशीब म्हणतात ते हे. असो.

सांगायचा मुद्दा, त्या काळच्या लोकांना आपलं यंत्र 'उबदार' वाटतच होतं असं नाही. बीटल्सच्या 'ॲबी रोड'चं उदाहरण घ्या. 1969 चा हा अल्बम ईएमआयच्या टीजी 12345 या नव्या ट्रान्झिस्टरच्या टेबलावर झाला. त्याआधीचं त्यांचं तिथलं काम व्हॉल्व्हच्या टेबलांवरचं. त्यांचे ध्वनिमुद्रक जेफ इमेरिक यांनी आपल्या आठवणींत लिहिलंय, की नव्या टेबलावर ड्रम आणि बासचा पूर्वीचा ठोसा मिळेना, सगळंच मवाळ यायला लागलं, आणि त्यांना ते सुरुवातीला रुचलं नव्हतं. आज त्याच टेबलाची नक्कल 'अस्सल जुना आवाज' म्हणून विकत मिळते. कालचा नवा म्हणून नावडलेला आवाज आज जुना म्हणून आवडतो. सुनेची सासू होते तसंच काहीसं.

आता यंत्राचा वाटा किती आणि बाकीच्याचा किती, हे पाहायचं तर लॉस एंजेलिसमधल्या साउंड सिटी स्टुडिओकडे बघावं. 1973 साली त्यांनी नेव्ह 8028 हे टेबल घेतलं. त्यावर 1975 चा 'फ्लीटवुड मॅक' झाला आणि 1991 चा निर्व्हाणाचा 'नेव्हरमाइंड'ही झाला. दोन्ही एकापाठोपाठ एक ऐका. एक रेशमी, दुसरा पत्र्यावर घण घातल्यासारखा. टेबल तेच! 'नेव्हरमाइंड'चं मिक्सिंग तर दुसऱ्याच स्टुडिओत, अँडी वॉलेस यांच्या हातून झालं. 2011 साली साउंड सिटीने धंदा आवरला तेव्हा निर्व्हाणाचा ड्रमर डेव्ह ग्रोल याने ते टेबल विकत घेतलं आणि 2013 मध्ये त्या स्टुडिओवर सुंदर माहितीपट काढला. त्यात टेबलाचं कौतुक भरपूर आहे, पण बोलणारी माणसं पुन्हा पुन्हा त्या खोलीकडेही वळतात. ड्रम त्या खोलीत कसा वाजे, सगळे एकत्र बसून कसे वाजवत, याकडे.

मला वाटतं आपल्याला जुन्या ध्वनिमुद्रिकांत जे हवंहवंसं वाटतं, त्यात टेबलाचा वाटा खरा पण लहान आहे. मोठा वाटा माणसांचा. ट्रॅक चारच असले की निर्णय त्याच क्षणी घ्यावे लागतात. बीटल्सचा 'सार्जंट पेपर' 1967 साली चार ट्रॅकच्या टेपवर झाला. जागा भरली की आहे ते एकत्र करून पुढे जायचं, मागे फिरणं नाही. आज माझ्या साध्या लॅपटॉपवर शेकडो ट्रॅक उघडतात आणि मी तबल्याचा एक ठेका पंधरा वेळा घेऊन त्यातला कुठला ठेवायचा हे पुढच्या रविवारी ठरवते. या लांबणीवर टाकण्याला कुठलंच प्लगइन उपाय करू शकत नाही.

आणि एक वाटा आपल्या आठवणीचा. ज्यांचं बालपण रेडिओवर गेलं त्यांनी गाणी ऐकली ती लाकडी खोक्यातल्या एका स्पीकरमधून, मीडियम वेव्हवर. साधारण 5,000 हर्ट्झच्या वरचं त्यावर फारसं यायचंच नाही. मग 's'कार बोचणार कुठून, झांज टोचणार कुठून? आपण ज्याला ऊब म्हणतो ते कित्येकदा नुसतं 'वरचं नसणं' असतं.

हे सगळं आत्ताच लिहायचं कारण घरचंच आहे. आत्याचं सहस्रचंद्रदर्शन आहे. त्यानिमित्त तिच्या जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड करून सगळ्यांना द्यायच्या असं ठरलं, आणि काम साहजिकच माझ्याकडे आलं. वाईच्या घरात, माजघरात, जुनं जातं मांडून दोन दुपारी तिने गायलं. मूठभर ज्वारी घालायची आणि गायचं. जात्याशिवाय तिला ओव्या आठवेनात हे विशेष. पहिल्या मसुद्यावर अमेरिकेतून आतेभावाचा निरोप आला, ''अगं, आईचा आवाज फार कोरडा येतोय. दम लागलेला ऐकू येतो. ते जुन्या कन्सोलचं प्लगइन असतं ना, ते लाव की जरा.''

त्याची मागणी चूक नव्हती. मुलाला आईचा आवाज थकलेला ऐकवत नाही, इतकी साधी गोष्ट. म्हणून मी त्यातल्या चार ओव्यांच्या दोन प्रती केल्या. एक जशी आहे तशी. दुसरी प्लगइनमधून नेलेली. दोन्हींचा मोठेपणा मोजून सारखा केला, कारण जरा मोठा आवाज लावला की कुणालाही तोच चांगला वाटतो. आणि कुठली कोणती ते न सांगता आत्याला ऐकवल्या.

तिने दुसरी निवडली. ''ही बरी आहे गं. रेडिओवर लागल्यासारखी वाटते.''

मी वाद घातला नाही. घालणार काय? तिच्या पिढीत ज्याचा आवाज रेडिओवर लागला तो मोठा. तिच्या कानाला ती प्रत म्हणजे मान होता. समारंभात तीच वाजणार आणि तुम्हा सगळ्यांना मिळेल तीही तीच. तिचं गाणं आहे, तिची निवड आहे.

पण मूळ प्रत मी जपून ठेवली आहे, आणि आतेभावालाही पाठवली आहे, 'ऐकलं नाहीस तरी चालेल, पण पुसू नकोस' असं सांगून. कारण उबेने काय झाकलं ते मला दिसतं. ओवीच्या ओळीच्या शेवटी ती श्वास घेते तो जात्याच्या खुंट्याला जोर देतानाचा श्वास आहे. तो दम 'लागलेला' नाही, तो त्या गाण्याचा ठेका आहे. आवाज भरदार केला की दोन शब्दांमधली ती फट भरून निघते. 'ण' आणि 'ळ' म्हणताना तिची जीभ कशी वळते, दगडाची घरघर कुठे जड होते, दाणे संपत आल्यावर कुठे हलकी होते, हे सगळं त्या फटींमध्ये आहे. पुढे आमच्यापैकी एखाद्या पोरीला या ओव्या शिकाव्याशा वाटल्या, तर तिला ती कोरडी प्रत लागेल. हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी खेडोपाडी हिंडून लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या, आणि 2017 पासून त्या 'पारी'च्या संकेतस्थळावर टप्प्याटप्प्याने येताहेत. इतक्या कष्टाने गोळा केलेलं कुणी आधी गोड करून मग साठवलं असतं, तर आपण त्याला काय म्हटलं असतं?

ऊब घातलेल्या प्रतीतून मूळ परत काढता येत नाही. उपस्वर एकदा मिसळले की मिसळले. चहात साखर घालता येते, काढता येत नाही. मूळ प्रत मात्र हाताशी असली तर आज नेव्हची ऊब घाला, वीस वर्षांनी जी काही फॅशन असेल ती घाला. मूळ तसंच राहील.

तेव्हा तुमच्यापैकी जे घरी रेकॉर्डिंग करतात त्यांना माझं सांगणं थोडकंच आहे. आधी खोली बघा. चादरी टांगा, पंखा बंद करा, माइक वीतभर पुढेमागे करून ऐका. यात जी ऊब मिळते ती कुठल्याही प्लगइनपेक्षा जास्त, आणि फुकट. मग प्लगइन लावायचंच तर आवाज उणे 18 डेसिबलच्या आसपास आत सोडा, कारण बहुतेक कन्सोलच्या नकला तेवढ्यावर बेतलेल्या असतात. गळ्याला वेगळं लावा, पेटीला वेगळं. दोन सूर एकत्र बिघडवले की त्यांच्या बेरजा-वजाबाक्यांचे नवेच सूर तयार होतात, आणि पेटी आणि गळा यांचं मुळातच पुरतं जमत नाही. तंबोऱ्याला तर काहीच लावू नका. त्याची जवारी कुणीतरी आधीच लावून दिली आहे. आणि लावल्यावर आवाजाची पातळी सारखी करून, डोळे मिटून, एकदा चालू एकदा बंद करून ऐका. फरक कळला नाही तर काढून टाका. गंजक्या स्क्रूचं चित्र बघून ठरवू नका.

माझ्या लॅपटॉपवर ओव्यांच्या फोल्डरमध्ये आता दोन उपफोल्डर आहेत. एकाचं नाव 'समारंभ', दुसऱ्याचं 'जातं'. पहिल्यातलं ज्याला हवं त्याने खुशाल आणखी गोड करावं. दुसऱ्याच्या तीन प्रती केल्या आहेत, तीन वेगवेगळ्या घरांत. चौथी कुणाला ठेवायची असेल तर सांगा, पाठवते. जागा फारशी लागत नाही.